कुत्रा पाळायचा आहे? आधी घराची बैठक घ्या!



वार्षिक परीक्षा संपली की अनेक घरांत एकच हट्ट सुरू होतो : "आपण कुत्र्याचं पिल्लू आणूया ना!" हट्ट गोड आहे, पण 'हो' म्हणण्यापूर्वी आजी-आजोबांसह सर्वांनी एकत्र बसून पुढील प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे द्यावीत.

१) वेळ कोण देणार? कुत्रा साधारण १० ते १३ वर्षे जगतो. आज पाचवीत असलेला मुलगा कॉलेज संपवून नोकरीसाठी पुण्याला किंवा बेंगळुरूला जाईल, तेव्हाही कुत्रा घरीच असेल. सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास फिरवायचे म्हटले, तर वर्षाचे ३६५ तास झाले! ते कोणाच्या वाट्याला येणार? बहुधा आईच्या. म्हणून तिचा होकार सर्वांत महत्त्वाचा.

२) खर्च झेपेल का? घरच्या पोळी-भातावरच त्याचे भागत नाही; अंडी, मांस यांसारखे प्रथिनयुक्त अन्नही लागते. घर शाकाहारी असेल तर हे आधीच ठरवावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट त्याला विषासारखे ठरू शकतात. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी आणि नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित द्यावी लागते. नसबंदी व आजारपण यांचा खर्च वेगळा.

३) घर तयार आहे का? घर भाड्याचे असल्यास मालकाची परवानगी घ्यावी. कोणाला दमा किंवा ॲलर्जी असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. घरात रांगते मूल असेल तर त्याला कुत्र्याजवळ एकटे सोडू नये. महापालिकेत नोंदणीचा नियम आहे का, याचीही चौकशी करावी.

४) गावी गेल्यावर काय? गणपतीला किंवा मे महिन्यात सगळे कोकणात निघालो, तर कुत्र्याकडे कोण पाहणार? दिवाळीत फटाक्यांनी तो घाबरला, तर त्याच्याजवळ कोण बसणार?

उत्तरे जमली, तरी लगेच घाई नको. पंधरा दिवस एक प्रयोग करा. मुलांनी रोज सहाला उठून अर्धा तास फिरून यावे, संध्याकाळीही तसेच. एकही दिवस चुकवायचा नाही, पाऊस असला तरी! पंधरा दिवस निभावले, तर पुढचा विचार करावा.

पिल्लू विकतच घ्यावे असे नाही. आपल्या हवेला सरावलेली गावठी कुत्री काटक आणि हुशार असतात. मात्र आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये.

आणि उत्तर 'नाही' आले तर? त्यात कमीपणा काही नाही. हौस फिटल्यावर कुत्र्याला रस्त्यावर सोडणे हे त्याहून फार वाईट. माणसाच्या हातून खायची सवय झालेला प्राणी बाहेर उपाशी मरतो. पाळलेल्या प्राण्याला असे उपासमारीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे.

कुत्रा न पाळताही प्रेम करता येते. उन्हाळ्यात दारात पाण्याचे भांडे ठेवा. गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण व्हावे म्हणून पालकांनी महापालिकेकडे अर्ज द्यावा. आणि मित्रांनो, कोणताही कुत्रा चावला किंवा त्याचे नख लागले, तर ते घरी लपवू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.