फाइल आहे, पण सापडत नाही

लग्नामुंजीचे फोटो, स्कॅन केलेले दिवाळी अंक, जुना पत्रव्यवहार, नाट्यसंगीताची ध्वनिमुद्रणं असं पुष्कळ काही वर्षानुवर्षं हार्ड डिस्कवर साठत जातं. मग कधीतरी विचारणा होते, ‘हे सगळं नीट लावून देणारं एखादं सॉफ्टवेअर सुचवा.’ पहिला गैरसमज या विचारण्यातच आहे. शोधणं, लावणं आणि जपणं ही तीन वेगळी कामं आहेत आणि त्यांची साधनंही वेगळी आहेत. शोधणारा प्रोग्राम फाइल जागची हलवत नाही. पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची तो स्वतःजवळ तयार ठेवतो, एवढंच. डिस्क बिघडली तर सूचीचा काही उपयोग नाही. बॅकअप वेगळा घ्यावाच लागतो.

विंडोजचा सर्च सगळा संगणक धुंडाळतो, असं अनेकांना वाटतं. वस्तुस्थिती अशी की मूळ सेटिंगमध्ये त्याची सूची डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक अशा ठरावीक फोल्डरांपुरतीच असते. आपल्याकडे तर महत्त्वाचं सगळं डी किंवा ई ड्राइव्हवर ठेवायची सवय. ते फोल्डर सर्चच्या सेटिंगमध्ये जाऊन आपणच जोडावे लागतात.

मग कोणीतरी ‘एव्हरीथिंग’ हा मोफत प्रोग्राम सुचवतं, आणि तो खरोखर उत्तम आहे. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर सगळ्या फायलींची नोंद ठेवणारा एक तक्ता असतो. हा प्रोग्राम थेट तोच वाचतो, म्हणून लाखो फायलींतून नाव क्षणात काढून देतो. पण मुळात तो फाइलचं नाव पाहतो, आतला मजकूर नव्हे. मजकुरात शोधायचं तर पूर्ण मजकुराची सूची करणारं साधन हवं: विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालणारं ‘डॉकफेचर’, किंवा लिनक्सवाल्यांचं आवडतं ‘रिकॉल’. मॅकवर ‘स्पॉटलाइट’ २००५पासून हे काम करतं.

मराठी संग्रहाची खरी अडचण इथून पुढे सुरू होते. ‘पडद्यावर मराठी दिसतंय, म्हणजे शोधताही येईल’ हा समज सर्वांत महाग पडतो. युनिकोड रुळण्याआधीचं आपलं बहुतेक टंकलेखन श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव यांसारख्या फॉन्टांत झालं. या फायलींमध्ये देवनागरी अक्षरं नसतातच; असतात ते रोमन अक्षरांचे संकेत, आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार दाखवतो. फॉन्ट काढला की अगम्य रोमन अक्षरं उरतात, आणि शोधणारा प्रोग्रामही तेवढंच पाहतो. अशा फायली कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणाव्यात, जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासावेत, आणि मूळ फाइल जपून ठेवावी. त्या फॉन्टांतून बनवलेल्या पीडीएफमधला मजकूरही असाच निरुपयोगी असतो. तिथे पानाचं चित्र समजून ओसीआर करणं, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेणंच सोयीचं.

स्कॅनच्या बाबतीत उलटा गैरसमज आहे: मराठीचं ओसीआर होतच नाही. होतं. २००५मध्ये मुक्त झालेलं ‘टेसरॅक्ट’ छापील मराठी वाचतं, आणि ‘ओसीआरमायपीडीएफ’ त्याच्या मदतीने पीडीएफमध्ये शोधण्याजोगा मजकूर भरतं. स्कॅन ३०० डीपीआयचा आणि सरळ हवा. हस्तलिखित पत्रं आणि मोडी कागद मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचे. तिथे कोणाचं, कधीचं, कशाबद्दल हे फाइलच्या नावात आपणच लिहायला हवं.

मजकूर युनिकोडमध्ये आला तरी आपलं व्याकरण आडवं येतं. ‘शाळा’ शोधलं तर ‘शाळेत’, ‘शाळेचा’ सापडत नाही, कारण बहुतेक प्रोग्रामांना मराठीतलं सामान्यरूप कळत नाही. उपाय सोपा आहे: ‘शाळ’ लिहून पुढे तारांकन द्यायचं. तसंच ‘ॲ’चं. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८मध्ये आलं. त्याआधी कोणी ‘अ’वर अर्धचंद्र देत असे, कोणी ‘ऍ’ वापरत असे. ‘ॲ’ आणि ‘अ’वरचा अर्धचंद्र डोळ्यांना सारखेच वाटतात, संगणकाला मात्र तिन्ही रूपं वेगळी आहेत. ‘ॲडव्होकेट’ सापडला नाही तर तो तिन्ही प्रकारे शोधून पाहा.

एकाच नावाच्या, एकाच आकाराच्या दोन फायली म्हणजे एकच फाइल, असंही नाही. डुप्लिकेट काढणारे ‘च्काव्का’सारखे प्रोग्राम आतल्या मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला सांकेतिक ठसा, ताडून पाहू शकतात, हॅश जुळल्याशिवाय काही पुसू नये. फोटोंच्या बाबतीत व्हॉट्सॲपवरून आलेल्या प्रतीतून फोटो काढल्याची मूळ तारीख गेलेली असते. म्हणून दोन्हींपैकी ठेवायची ती कॅमेऱ्यातली प्रत.

राहिलं वर्गीकरण. चेहऱ्यांना नावं द्यायची, टॅग लावायचे, हे कष्टाचं काम, आणि ते आजीआजोबांना ओळखणारी माणसं घरात आहेत तोवरच होऊ शकतं. इथे मात्र प्रोग्राम फार विचाराने निवडावा. गूगलने डेस्कटॉप सर्च २०११मध्ये बंद केला आणि मार्च २०१६मध्ये पिकासा या फोटो लावणाऱ्या प्रोग्रामचा आधार काढून घेतला. प्रोग्राम लोकप्रिय आहे, मोठ्या कंपनीचा आहे, म्हणून तो टिकेल असं धरून चालता येत नाही. त्यामुळे पाहायचं ते एवढंच, की मी दिलेली नावं प्रोग्रामच्या स्वतःच्या डेटाबेसात अडकतात की फोटोच्या फाइलमध्ये उतरतात? ‘डिजिकॅम’ हा फोटो लावणारा प्रोग्राम दोन्ही करू शकतो. पहिला टॅग लावण्याआधीच त्याच्या मेटाडेटाच्या सेटिंगमध्ये जाऊन टॅग, चेहरे आणि तारखा फाइलमध्ये लिहिण्याच्या खुणा लावलेल्या आहेत ना, हे पाहून घ्यावं.