विज्ञान संस्थेतील प्रवेश मुलाखत : तयारी पाठांतराची नको, बोलून विचार करण्याची हवी

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली आपली अनेक मुले-मुली 'जॅम' ही प्रवेश परीक्षा देतात. तीन तासांची, १०० गुणांची ही परीक्षा दरवर्षी फेब्रुवारीत होते. तिच्या गुणांवर आयआयटीत एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. पण बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत बी.एस्सी.नंतर थेट इंटिग्रेटेड पीएच.डी. करायची असेल, तर लेखी परीक्षेनंतर मुलाखतही द्यावी लागते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थासुद्धा मुलाखत घेऊनच विद्यार्थी निवडते.

लेखी परीक्षेची तयारी आपल्याला माहीत आहे. अभ्यासिकेत बसायचे, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायच्या. मुलाखतीचे पत्र आले की मात्र हातपाय गळतात, कारण घरात आणि वस्तीत अशी मुलाखत दिलेले कोणीच नसते. म्हणून ही मुलाखत नेमकी कशी असते, ते आधी समजून घेऊ.

समोर त्या विषयाचे काही प्राध्यापक असतात आणि जवळ फळा असतो. कोणता विषय चांगला येतो, असे बहुधा सुरुवातीलाच विचारतात आणि तिथूनच प्रश्न सुरू होतात. समजा प्रश्न आला : ग्लासातल्या पाण्यावर बर्फाचा खडा तरंगतो आहे, तो वितळल्यावर पाण्याची पातळी वाढेल का? "नाही, तेवढीच राहील," हे उत्तर पाठ असते. पण पुढचा प्रश्न येतो, "का?" तरंगणारा बर्फ स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारतो आणि वितळल्यावर त्याचे तेवढेच पाणी होते, हे सांगता आले पाहिजे. मग प्राध्यापक अट बदलतात : बर्फात छोटा दगड गोठलेला असेल तर? तरंगताना दगडाच्या वजनाइतके पाणी बाजूला सारले जात होते. बर्फ वितळून दगड तळाला गेला की तो फक्त आपल्या आकारमानाइतकेच पाणी सारतो. म्हणून पातळी खाली जाते.

इथे पाठांतर संपते. अट बदलल्यावर विद्यार्थी काय करतो, हेच त्यांना पाहायचे असते. म्हणून मनात विचार करत गप्प उभे राहू नका. आकृती काढा, काय गृहीत धरले ते सांगा, चुकले तर "हे चुकले, पुन्हा पाहतो" म्हणा. प्राध्यापक मध्येच काही सुचवतात, तेव्हा तो अपमान समजू नका. ती मदत असते, तिचा धागा धरून पुढे जा. एखादी गोष्ट येत नसेल तर तसे सरळ सांगा. थापा दुसऱ्याच प्रश्नात उघड्या पडतात.

तयारीसाठी दोन विषय निवडा आणि त्यांची मूळ सूत्रे कोऱ्या कागदावर पहिल्यापासून सिद्ध करा. बी.एस्सी.त प्रकल्प केला असेल, तर त्यातले प्रत्येक उपकरण आणि प्रत्येक आलेख समजावता आला पाहिजे. इंग्रजीची धास्ती अनेकांना असते. छोटी वाक्ये पुरतात, समीकरण सगळ्यांना सारखेच वाचता येते. पण विषयातले शब्द तोंडात बसायला हवेत, म्हणून रोज मोठ्याने बोला.

कागदपत्रे वेळेत तयार ठेवा. केंद्रीय संस्थेत अनुसूचित जातीच्या जागेसाठी केंद्राच्या नमुन्यातील जात प्रमाणपत्र लागते आणि त्यात मूळ जातीचा उल्लेख असतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना हा हक्क मिळाला आहे. राज्यातील प्रवेशासाठी काढलेले प्रमाणपत्र तिथेही चालेल, असे गृहीत धरू नका.

मुलाखतीत भेदभाव होतच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. दिल्लीच्या एम्समध्ये तोंडी परीक्षेतही भेदभाव होत असल्याच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी थोरात समितीने २००७ साली नोंदवल्या होत्या. त्याविरुद्ध संघटित आवाज उठवलाच पाहिजे. पण राखीव जागा हा आपला हक्क आहे, तो घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही. आणि फळ्यावर पायरी-पायरीने मांडलेले उत्तर डावलणे कुणालाही सोपे नसते.

कार्यकर्त्यांना आमची एक विनंती आहे. ज्यांच्या घरात प्राध्यापक आहेत, त्यांची मुले जेवताना अशा चर्चा ऐकत वाढतात. आपल्या मुलांना ती संधी आपणच द्यायची आहे. विहारात किंवा अभ्यासिकेत एक फळा लावा. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. एकाने फळ्यावर सोडवायचे, बाकीच्यांनी फक्त "का?" विचारायचे. महाविद्यालयातल्या एखाद्या शिक्षकाला, संशोधन करणाऱ्या आपल्या ताईला किंवा दादाला बोलवा. यासाठी मोठा निधी लागत नाही. खडू लागतो, आणि चुकणाऱ्याला न हसणारी चार माणसे लागतात.

जय भीम!