नेमकं अडतं कुठं?

१८८६ साली बर्लिनमध्ये बालरोगतज्ज्ञांच्या सभेत कोपनहेगनच्या हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी दोन तान्ह्या बाळांची हकिगत मांडली. जन्मल्यापासून दोघांना नीट शी होत नव्हती, पोटं नगाऱ्यासारखी फुगली होती आणि वर्ष पुरं व्हायच्या आत दोन्ही बाळं दगावली. शवविच्छेदनात मोठं आतडं अवाढव्य ताणलेलं दिसलं. फुगलेलं आतडं हाच आजार, असा समज तेव्हापासून रुजला आणि पुढं सुमारे साठ वर्षं शल्यचिकित्सक त्या फुगलेल्या भागाच्याच मागे लागले. तो काढला तरी त्रास परत येई.

दोष होता त्याच्या खाली, गुदद्वाराजवळच्या, दिसायला अगदी धडधाकट अशा अरुंद भागात. आतड्याला पुढं ढकलण्याचा इशारा देणाऱ्या मज्जापेशी तिथं जन्मतःच नसतात. या पेशी नसल्याची नोंद काहींनी विसाव्या शतकाच्या आरंभीच केली होती, पण कापायचं कुठं हे त्यावरून कोणी ताडलं नाही. ते बोस्टनच्या ऑर्व्हार स्वेन्सन यांनी ताडलं, १९४०च्या दशकात. आतड्याचं तोंड पोटावर काढून दिलं की मूल बाळसं धरी आणि आतडं पुन्हा जोडलं की पोट पुन्हा फुगे. म्हणजे अडथळा जोडाच्या खालीच असला पाहिजे. १९४८ मध्ये त्यांनी तो खालचा भाग काढून निरोगी आतडं खाली ओढून जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली आणि जी मुलं जगत नव्हती ती जगू लागली.

बद्धकोष्ठाच्या इतिहासात तेव्हापासून हीच चूक वेगवेगळ्या रूपांत भेटत राहते. फुगलं कुठं ते दिसतं, अडलं कुठं ते दिसत नाही.

लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले सर विल्यम आर्बथनॉट लेन हे त्यांच्या काळातले अत्यंत कुशल शल्यचिकित्सक. त्या काळात युरोपभर एक भीती पसरली होती. १८८७ मध्ये पॅरिसच्या शार्ल बुशार यांनी मांडलं होतं, की आतड्यात तुंबलेला मळ सडतो आणि त्याचं विष रक्तात भिनतं. पुढं नोबेल मिळवणारे मेचनिकॉफ तर मोठं आतडं हा माणसाला नकोसा झालेला अवयव मानत. लेन यांनी त्यावर सुरी चालवली. आधी ते मोठ्या आतड्याला वळसा घालून लहान आतडं खाली जोडत, नंतर मोठं आतडंच काढू लागले. थकवा, डोकेदुखी, उदास मन, अशा तक्रारींसाठी लोकांनी आपलं आतडं गमावलं. काही त्या टेबलावरून परतलेच नाहीत. १९१३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये या विषावर मोठी चर्चा झडली, पण ते विष नेमकं कोणतं, हे दाखवता आलं नाही.

उत्तर फार साधं निघालं. १९१९ मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर अल्वारेझ यांनी विचारलं, की शौचाला झाल्यावर काही क्षणांत डोकं हलकं होतं ते कसं? रक्तात भिनलेलं विष इतक्या झटपट उतरणार नाही. पुढं धडधाकट स्वयंसेवकांच्या गुदाशयात कापसाचे बोळे ठेवून पाहिले, तर तीच मरगळ, तीच डोकेदुखी उमटली आणि बोळे काढताच ओसरली. ताणलेल्या आतड्याच्या नसांचा हा परिणाम होता. विषाचा सिद्धांत वैद्यकात तिथंच ढासळला, लोकांच्या मनातून मात्र गेला नाही. ‘शरीरातली घाण बाहेर काढणारे’ चहा आणि चूर्णं आजही त्याच भीतीवर खपतात.

महाराष्ट्राच्या घरांतही ही धास्ती होती, पण तिला औषधांची जोड होती. तान्ह्याला बाळहिरडा, मोठ्यांना रात्री त्रिफळा किंवा सोनामुखी, आणि पोरांना नाक दाबून पाजलेलं एरंडेल. ‘एरंडेल प्यायल्यासारखं तोंड’ हा शब्दप्रयोग त्या सकाळींनीच मराठीला दिला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय वेग रोखू नये असंच बजावतो आणि मलवेगाचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. गांधीजींनी आत्मकथेत आपल्या बद्धकोष्ठाबद्दल मोकळेपणानं लिहिलं. दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी न्याहारी सोडली तेव्हा डोकेदुखी थांबली. बद्धकोष्ठ हटेना, तेव्हा अडोल्फ युस्ट यांचं पुस्तक वाचून ओटीपोटावर ओल्या मातीची पट्टी बांधली. पुढं १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावरचं छोटं पुस्तक लिहिलं आणि १९४६ मध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचार केंद्र सुरू झालं. मातीपट्टी आणि एनिमा हे निसर्गोपचारातले नेहमीचे उपाय. त्या काळात एवढा मोठा माणूस या विषयावर न लाजता बोलला, हे त्या पट्टीहूनही मोलाचं वाटतं.

मग आला कोंड्याचा काळ. युगांडात अनेक वर्षं शस्त्रक्रिया केलेले आयरिश सर्जन डेनिस बर्किट यांनी सहकाऱ्यांसह १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आकडे दिले. युगांडातल्या खेडुतांचा रोजचा मळ चारशे ग्रॅमच्या पुढं, तर ब्रिटिश नौसैनिकांचा जेमतेम शंभर ग्रॅमच्या आसपास. खाल्लेलं बाहेर पडायलाही नौसैनिकांना दुपटीहून अधिक वेळ लागे. चोथा खा, असा घोष जगभर सुरू झाला. उंझा-सिद्धपूरचा इसबगोल परदेशी डब्यांत जाऊन बसला. बहुतेकांना याचा खरोखर फायदा झाला.

काहींना मात्र झाला नाही, आणि त्यांच्यावर दुहेरी अन्याय झाला. पोट आणखी फुगे, आणि डॉक्टर म्हणत, तुम्ही पथ्य नीट पाळत नाही.

त्यांची बाजू लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलनं घेतली. जॉन लेनर्ड-जोन्स आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये एक सोपी चाचणी मांडली. क्ष-किरणांत दिसणारे वीस बारीक तुकडे गिळायचे आणि पाचव्या दिवशी पोटाचा फोटो काढायचा. निरोगी माणसात तोवर निदान सोळा बाहेर पडलेले असतात. १९८६ मध्ये प्रेस्टन आणि लेनर्ड-जोन्स यांनी ६४ तरुण स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. आठवड्यातून एकदा किंवा त्याहूनही कमी शौच, त्रासाची सुरुवात अनेकींत वयात येण्याच्या सुमारास, आतडं दिसायला अगदी नेहमीसारखं. चालायला मात्र अतिशय मंद. कोंडा खाऊन फरक पडत नव्हता. या बायका खोटं बोलत नव्हत्या, एवढं तरी त्या फोटोंनी जगाला पटवलं.

त्याच जोडीनं १९८५ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली होती. काही रुग्णांत आतडं व्यवस्थित चालतं, पण कुंथताना सैल पडायला हवा तो गुदद्वाराचा स्नायू उलट आवळतो. दार आतून लावून ढकलत बसण्यासारखंच हे. अशांना जुलाबाचं औषध वाढवून उपयोग नसतो. गुदाशयात पन्नास मिलिलिटर पाण्याचा फुगा ठेवून तो मिनिटाभरात बाहेर टाकता येतो का, यावरून ते ओळखता येतं. उपचार म्हणजे शिकवणी: पडद्यावर आपल्याच स्नायूचा आलेख पाहत तो सैल सोडायला शिकायचं. अमेरिकेतल्या सतीश राव यांच्यासारख्या डॉक्टरांनी या बायोफीडबॅकचा उपयोग चाचण्यांतून सिद्ध केला.

आठवड्यातून तीन वेळांपेक्षा कमी, ही पाश्चात्त्य व्याख्या भारतीयांना तोकडी पडते. इथं बहुतेकांना रोज एकदा तरी होतं, म्हणून एक दिवसाआड होणारा माणूसही खरोखर हैराण असू शकतो. पोटविकारतज्ज्ञांच्या भारतीय संघटनांनी २०१८ मध्ये स्वतःचं मत मांडलं, ते या अनुभवाच्या आधारावर. मळ किती घट्ट, किती कुंथावं लागतं, पोट मोकळं झाल्यासारखं वाटतं का, हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. १९९७ च्या ब्रिस्टल तक्त्यातली सात चित्रं आता दवाखान्यांत दिसतात ती म्हणूनच. शब्द सुचत नसले तरी रुग्ण चित्राकडं बोट दाखवू शकतो.

औषधांचीही ये-जा झाली. चॉकलेटच्या चवीनं पोरांच्या तोंडी गेलेलं फिनॉल्फ्थॅलीन कर्करोगाच्या शंकेवरून १९९९ मध्ये अमेरिकेत बाद झालं. टेगासेरॉड २००७ मध्ये हृदयाच्या धास्तीनं मागं घेतलं गेलं. टिकलं ते पाण्यात विरघळणारं पॉलिएथिलिन ग्लायकॉल, जे पाणी आतड्यात धरून मळ मऊ ठेवतं. दुखलं म्हणून शी रोखून धरणाऱ्या, मग चड्डीत डाग पडतात म्हणून मार खाणाऱ्या मुलांसाठी २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनं हेच पहिलं औषध ठरवलं: आधी साचलेला खडा मोकळा करायचा, मग निदान दोन महिने औषध चालू ठेवायचं. आईवडील आठवड्यात थांबवतात आणि खडा पुन्हा बसतो. कधी कारण दुसऱ्याच आजारात किंवा त्याच्या गोळीत असतं. मॉर्फिनच्या कुळातली वेदनाशामकं, लोहाच्या गोळ्या, थायरॉइडची कमतरता हे तर नेहमीचेच. स्किझोफ्रेनियाच्या क्लोझापिननं आतडं पार थंडावून जीवही जाऊ शकतो, असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनानं २०२० मध्ये अधिक कडक केला.

पन्नाशीनंतर सवय अचानक बदलली, शौचातून रक्त पडलं, वजन उतरू लागलं, तर चूर्ण बाजूला ठेवून तपासणी करावी लागते. पोट फुगून उलट्या होत असतील, वाराही सरत नसेल, तर रात्र काढायची नसते.

आणि एक चूक अजून घराघरांत होते. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना दहा दिवस शौचाला होत नाही, मग अचानक पातळ पाण्यासारखं गळू लागतं. घरचे म्हणतात, जुलाब लागले, आणि जुलाब थांबवायची गोळी देतात. प्रत्यक्षात गुदाशयात दगडासारखा खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेनं वरचं पाणी झिरपतं. हातमोजा घातलेल्या बोटानं केलेली तपासणी अर्ध्या मिनिटात हे सांगते, मग एनिमा देऊन किंवा हातानं तो खडा काढता येतो.