गळतीचा माग काढणारे विद्यापीठ

उच्च शिक्षण आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांविषयीची चर्चा सध्या बहुतांशी विद्यार्थ्यांनी यंत्राकडून लिहून घेतलेल्या निबंधांभोवती आणि प्रकल्पांभोवती फिरते; विद्यापीठाने हेच तंत्र स्वतःचा कारभार तपासण्यासाठी वापरले तर काय साधते, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न मात्र मागे पडतो. या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर अमेरिकेतील अटलांटा शहरातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात सापडते. अल्प उत्पन्न गटातील आणि घराण्यात पहिल्यांदाच पदवीच्या उंबरठ्यावर आलेल्या विद्यार्थ्यांचा मोठा भरणा असलेल्या या विद्यापीठात २००३ साली चार वर्षांची पदवी सहा वर्षांच्या आत पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण अवघे ३२ टक्के होते.

२०१२ मध्ये विद्यापीठाने पूर्वानुमान विश्लेषणाची पद्धत सुरू केली. हजारो माजी विद्यार्थ्यांच्या गुणांच्या आणि विषयनिवडीच्या नोंदी संगणकाला पुरवून, ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले त्यांच्या वाटचालीत आधी कोणत्या खुणा दिसत होत्या, हे शोधून काढणे म्हणजे पूर्वानुमान विश्लेषण. सुमारे दहा वर्षांच्या नोंदी चाळल्यावर अशा आठशेहून अधिक खुणा हाती आल्या. परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षाच्या गणितात जेमतेम गुण मिळाले, तर तो उत्तीर्णच असल्यामुळे पूर्वी त्याकडे कोणी पाहत नसे, आणि पुढे अवघड विषयांत तो अडकून पडला की शुल्क आणि उमेद दोन्ही संपत आलेली असत. नव्या पद्धतीत अशी खूण उमटताच शैक्षणिक मार्गदर्शकाला सूचना जाते आणि त्याने साधारण ४८ तासांत विद्यार्थ्याशी संपर्क साधून शिकवणी लावावी की विषय बदलावा, याचा त्याच्याबरोबर बसून विचार करावा, अशी अपेक्षा असते. या कामासाठी विद्यापीठाने ४२ नवे मार्गदर्शक नेमले, आणि या प्रयोगातील सर्वांत मोलाचा निर्णय हाच म्हणावा लागेल.

त्याआधीच आणखी एक अप्रिय गोष्ट विद्यापीठाच्या लक्षात आली होती. अभ्यासात चांगले असलेले, पदवीच्या अगदी जवळ पोहोचलेले कित्येक विद्यार्थी शुल्काची थोडीशी थकबाकी राहिल्यामुळे पटावरून गळत होते. २०११ पासून विद्यापीठ अशा विद्यार्थ्यांच्या खात्यात अर्जाची वाट न पाहता अनुदान जमा करू लागले.

२०१६ मध्ये ‘पाउन्स’ हा संवादक, म्हणजे मोबाइलवरील लघुसंदेशांतून प्रश्नांना उत्तरे देणारा संगणकीय कार्यक्रम, सुरू झाला. प्रवेश निश्चित करूनही उन्हाळ्याच्या सुटीनंतर विद्यार्थी महाविद्यालयात फिरकतच नाहीत, या गळतीवर तो उपाय होता. कारण आर्थिक साहाय्याचे अर्ज, लसीकरणाचे दाखले आणि शुल्काच्या मुदती यांच्या जंजाळात ज्यांच्या घरी विचारायला कोणी नसते, तेच आधी हरतात. पहिल्याच उन्हाळ्यात पाउन्सने दोन लाखांहून अधिक उत्तरे दिली, ज्या प्रश्नांबाबत त्याला खात्री नव्हती ते कर्मचाऱ्यांकडे सोपवले, आणि संशोधक लिंडसे पेज व हंटर गेल्बाक यांनी यादृच्छिक निवडीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून केलेल्या अभ्यासात ही गळती सुमारे एक-पंचमांशाने घटल्याचे दिसले. माणसाला विचारताना लाज वाटेल असे साधे प्रश्नही विद्यार्थी रात्री-अपरात्री यंत्राला निःसंकोच विचारत होते, ही बाब प्रत्येक महाविद्यालयाच्या कार्यालयाने मनावर घ्यावी अशी आहे.

पुढे पदवीचे प्रमाण ५४ टक्क्यांवर गेले आणि कृष्णवर्णीय व गरीब विद्यार्थी इतरांच्या बरोबरीने पदवी घेऊ लागले. तथापि हेच तंत्र घातकही ठरू शकते. ‘द मार्कअप’ या वृत्तसंस्थेने २०२१ मध्ये उघड केले की काही अमेरिकी विद्यापीठांतील अशाच प्रणाली विद्यार्थ्याचा वंश धोक्याचा निदर्शक म्हणून धरत होत्या, त्यामुळे समान गुण असलेल्या दोघांपैकी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यावर अधिक जोखमीचा शिक्का बसत असे. भारतात अशी प्रणाली आणताना जात, गाव किंवा शिक्षणाचे माध्यम हे घटक मोजणीत शिरले, तर जुना पूर्वग्रह आकड्यांच्या रूपाने परत येईल. म्हणून काय मोजले जाते, हे विद्यार्थ्यांना आधी कळलेच पाहिजे.

महाराष्ट्रात तंत्राची घाई काय करते, हे २०१७ मध्ये दिसले. मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याची पद्धत पुरेशा तयारीविना आणली, निकाल महिनोन्महिने रखडले आणि अखेर कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. आज येथील विद्यार्थ्याची हजेरी महाविद्यालयात, निकाल विद्यापीठात आणि शिष्यवृत्तीची स्थिती राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर असते. एटीकेटी लागलेल्या, म्हणजे काही विषय राहूनही पुढच्या वर्गात गेलेल्या, शिष्यवृत्ती अडकलेल्या आणि तासांना येईनाशा झालेल्या मुलीची ही तिन्ही प्रकारची माहिती एकत्र पाहणारे सहसा कोणी नसते. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याच्या मर्यादा पाळून या नोंदी जोडणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. परंतु जेथे अनेक विषय तासिका तत्त्वावरील प्राध्यापक शिकवतात आणि मानधन तासांवरच ठरते, तेथे पडद्यावर सूचना उमटल्यावर त्या मुलीला बोलावून घेणारा माणूस आधी नेमावा लागेल, आणि त्याचा पगार सॉफ्टवेअरच्या खर्चाबरोबर त्याच अंदाजपत्रकात धरावा लागेल.