वडिलांच्या घड्याळाला घरी छापलेली तबकडी

तुमच्या घरात ट्रंकेच्या तळाशी नाहीतर देव्हाऱ्याच्या फळीवर एखादे किल्लीचे मनगटी घड्याळ पडलेले असेल. बहुधा ते एचएमटीचेच असेल. या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ साली बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. पुढे कितीतरी वर्षे जावयाला आणि नोकरी लागलेल्या मुलाला द्यायला हेच घड्याळ सुचत असे. २०१६ साली सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. पण आधी बनलेली आजही टिकटिक करतात. यंत्र धडधाकट असते, खराब होते ती तबकडी. ओल शिरते, डाग पडतात, आकडे उडतात.

आमच्या घरी तेच झाले. वडिलांचे ‘जनता’ घड्याळ त्यांच्या मागे आईने सांभाळले. रोज सकाळी चहा झाला की ती त्याला किल्ली देते. वेळ मात्र विचारायची नातवंडांना! तबकडी काळवंडलेली, त्यावरचे आकडे इंग्रजी, आणि आईला येतात ते मराठी. आम्ही सगळे रानात गेलो की तिची जेवणाआधीची साखरेची गोळी चुकायची. एचएमटीने नागरी आकड्यांचे ‘जनता’ही काढले होते, पण वडिलांचे ते नव्हते. तेव्हा ठरवले, तबकडी आपणच छापायची. माझे तीन प्रयत्न वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितो.

पहिली गोष्ट, घड्याळ स्वतः उघडू नका. काटे उपसून काढणे हे सुईच्या टोकावरचे काम आहे, ते तालुक्याच्या घड्याळजीला करू द्या. तबकडीला मागून दोन बारीक खुंट्या असतात, त्यांवर ती यंत्रात बसते. घड्याळजीकडून त्याच बनावटीची एखादी मोडीतली तबकडी मागून घ्या आणि नवा कागद तिच्यावर चिकटवा. वडिलांची मूळ तबकडी तशीच पुडीत बांधून ठेवा. घरातल्या कोणाला उद्या ती परत बसवावीशी वाटली, तर बसवता आली पाहिजे.

अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचे फार जुने विलायती घड्याळ असेल, तर त्याच्या तबकडीला हात लावू नका. १९६०च्या आसपासपर्यंत त्या रंगात रेडियम घालत. त्याची चमक गेली तरी विष जात नाही. खरवडले की धूळ नाकातोंडात जाते.

आता छपाई. माप व्हर्निअरने घ्या, लेथवाल्याकडे असतो. कॉलेजात जाणारी मुलगी घरात असेल तर चित्र तिच्याकडे सोपवा, आमच्याकडे पुतणीनेच काढले. इंकस्केप नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम पुरतो. वर्तुळ काढायचे, दर ६ अंशांवर मिनिटाची रेघ आणि दर ३० अंशांवर तासाचा आकडा. ५, ८ आणि ९ हे आकडे वेगवेगळ्या फॉन्टमध्ये वेगवेगळ्या वळणाचे येतात. ज्याच्यासाठी घड्याळ करायचे, त्याला आधी मोठे छापून दाखवा. पुतणीने निवडलेला ८ आईला ओळखूच आला नाही.

माझी पहिली तबकडी लहान झाली. प्रिंटर कागदात बसवण्यासाठी चित्र आपोआप आकसतो. ९७ टक्के झाले तरी ३० मिलिमीटरचे वर्तुळ २९.१ होते, आणि कडेने जुना पत्रा दिसू लागतो. छापताना १०० टक्के मापच निवडा. दुसरी तबकडी पसरली. शाईचा प्रिंटर होता, वाळायच्या आतच मी वरून लॅकर मारले, तेही जाड. शाईची छपाई एक दिवस वाळू द्या. लेसर प्रिंटरवर काम अधिक नीट होते, कारण त्याची पूड ओलीला दाद देत नाही. लॅकरचा डबा गाडीच्या रंगाच्या दुकानात मिळतो. अंगणात, वारा नसताना, चुलीपासून लांब, हातभर अंतरावरून अगदी पातळ हात मारा. एक वाळला की दुसरा. वास पुरता गेल्याशिवाय घड्याळात बसवू नका.

तिसरी तबकडी दिसायला झकास झाली, पण घड्याळच थांबले! कागद जाड होता, तासकाटा त्याला घासत होता. म्हणून पातळ कागद घ्या. खळ लावू नका, कागद फुगतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पातळ पट्टी वापरा. आणि वर्तुळ कापण्याआधी मधले भोक पाडा, नंतर मध्य सापडत नाही. कात्री स्थिर धरून कागद फिरवा. एका पानावर वीस-पंचवीस तबकड्या छापा, कारण दोन-चार बिघडणारच.

एक सावधगिरीचा शब्द. जुन्या यंत्रावर नवी रंगवलेली तबकडी चढवून विकण्याचा धंदा जुना आहे. परदेशातले शौकीन अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नव्हे. आपल्या घरच्यासाठी तबकडी केली तर त्यात खोटे काही नाही. विकायची वेळ आली, तर तबकडी नवी आहे हे सांगून विका.

चौथी तबकडी घड्याळजीने बसवली, दोन्ही काटे बारावर जुळवले आणि पुरे बारा तास फिरवून पाहिले. आईने घड्याळ डोळ्यांजवळ धरले. “बाराचा आकडा जरा डावीकडे कलला की रे,” म्हणाली. मग म्हणाली, “सव्वाअकरा झाले. पाट मांडा, माझी गोळी घ्यायची आहे.”