कागदाची पट्टी बोलायला शिकवते!

दोस्तांनो, वहीच्या मागच्या पानाची एक अरुंद पट्टी फाडा आणि ओठांसमोर धरा. आता म्हणा, 'तवा'. मग म्हणा, 'थवा'. दुसऱ्या वेळी पट्टी जास्त हलली ना? आता गळ्यावर बोटं टेकवून 'स्स्स' करा. काहीच नाही! 'म्म्म' करा. बोटांना गुदगुल्या झाल्या! ती आहे गळ्यातल्या स्वरतंतूंची थरथर.

म्हणजे व्यंजन नुसतं ऐकू येत नाही, ते डोळ्यांना दिसतं आणि बोटांनाही कळतं.

१९६४ साली ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या अमेरिकन संशोधकांनी अकरा भाषांमधल्या व्यंजनांची मोजमापं प्रसिद्ध केली. त्यांत आपली मराठीही होती बरं का! 'द' म्हणताना जीभ दातांवरून सुटण्याआधीच गळा थरथरू लागतो. 'त'मध्ये जीभ सुटली की जवळजवळ लगेच. 'थ'मध्ये मात्र थरथर उशिरा येते आणि मधल्या वेळात हवा बाहेर धावते. तीच तुमची पट्टी हलवते. हा सगळा खेळ जेमतेम सेकंदाच्या दहाव्या भागाएवढ्या वेळात!

'स'ची गंमत वेगळी. त्याचा आवाज बारीक आणि फार उंच पट्टीतला. बराचसा सेकंदाला ४,००० कंपनांच्याही वरचा. काही मुलांना नेमके उंच पट्टीतले आवाज ऐकू येत नाहीत. 'आ' ऐकू येतो, म्हणून हाक मारली की ती वळून पाहतात. पण 'ससा'तला 'स' त्यांच्या कानापर्यंत पोचतच नाही. मग तो बोलण्यात कुठून येणार? आणि लोक म्हणतात, "याचं लक्षच नसतं!"

म्हणून वाचा-उपचार तज्ज्ञ आधी कान तपासून घ्यायला सांगतात. मग जे कानाला कळत नाही, ते इतर वाटांनी शिकवतात. हाताच्या पालथ्या बाजूवर 'स'ची गार झुळूक जाणवते. आरशात जीभ दिसते. संगणकाच्या पडद्यावर 'स' वरच्या बाजूला दाट पट्ट्यासारखा उमटतो. त्याशेजारी आपला 'स' कसा उमटला, हे मुलाला पाहता येतं.

काही मुलांना ऐकू नीट येतं, पण 'क'च्या जागी 'त' येतो. अगदी लहानपणी हे चालतंच, पण शाळेत जायच्या वयातही राहिलं तर तज्ज्ञांना दाखवावं. ते समोर दोन चित्रं ठेवतात, कार आणि तार. मुलाला हवी असते कार. तो म्हणतो 'तार', आणि हातात तारेचं चित्र येतं! मग त्याचं त्यालाच उमगतं, की जीभ पुढे नाही, मागे उचलायची.

तुमच्या वर्गात कुणी 'रामा'ला 'लामा' म्हणत असेल, तर हसू नका. हसल्यानं जीभ जागेवर जात नाही. ते मूल बोलणंच टाळतं. आणि न बोलता सराव कसा व्हायचा?