कागदावरची चालती भिंत

आळंदीस येणाऱ्या यात्रेकरूंना एक जुनी भिंत आवर्जून दाखविली जाते. वाघावर आरूढ होऊन, हाती सर्पाचा चाबूक घेऊन चांगदेव भेटीस निघाले, तेव्हा ज्ञानेश्वर भावंडांसह ज्या भिंतीवर बसले होते ती भिंतच चालू लागली, अशी कथा घरोघरी सांगतात. चित्रात ही भिंत काढणे सोपे. ती चालविणे अवघड. तरीही शाळेतील मुलास ते साधते. पाने भरभर सोडली की चित्र हलू लागते, अशा वहीला फ्लिपबुक म्हणतात. जॉन बार्न्स लिनेट या इंग्रज गृहस्थाने १८६८ साली तिचे पेटंट घेतले होते.

चित्र हलते म्हणजे काय होते? कोणत्याही एका पानावर हालचाल नसते. एकामागून एक येणाऱ्या दोन चित्रांत अगदी थोडा फरक असला, म्हणजे मधली वाट आपला मेंदूच जोडून घेतो. सारी करामत त्या थोड्या फरकात आहे.

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली याच तत्त्वाचा आश्रय घेतला. त्यांना चित्रपट काढावयाचा होता. पण केवळ बोलण्यावर विसंबून पैसा देण्यास कोणी सहजी तयार होईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडे थोडे त्याचे चित्रण केले. पडद्यावर तो अंकुर पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत वाढला. ‘अंकुराची वाढ’ पाहून भांडवल मिळाले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. फाळक्यांना रोपाच्या वाढीची वाट पाहावी लागली. वही करणाऱ्यास मात्र प्रत्येक पाऊल स्वतःच ठरवावे लागते.

वहीसाठी पोस्टकार्डाएवढी छत्तीस पाने कापावीत. कागद ताठ असावा, पण खालची रेघ अंधुक दिसेल इतपतच जाड असावा. डावीकडे शिवणीसाठी ४ सेंटिमीटर जागा सोडावी. चित्रांचा आरंभ शेवटच्या पानापासून करावा. म्हणजे त्यावर वरचे पान ठेवून पुढचे चित्र बेताने काढता येते. भिंत पुठ्ठ्याच्या साच्याने गिरवावी, नाहीतर ती वाटेत लहानमोठी होते. प्रत्येक पानावर ती दीड मिलिमीटर उजवीकडे सरकवावी. उतावळी मुले एकदम सेंटिमीटरभर पुढे जातात. मग भिंत चालत नाही, बेडकासारखी उड्या मारते!

शेजारी एक झाड काढावे आणि ते छत्तीसही पानांवर जागच्या जागी ठेवावे. झाडच नसेल तर भिंत सरकली हे कशावरून कळणार? झाड डगमगले तर मात्र डोळा भिंत सोडून त्याच्याकडेच जातो. चांगदेवांना उजव्या कडेस थांबलेलेच दाखवावे. चालत्या वाघाचे चार पाय सांभाळणे मुरलेल्या चित्रकारासही जड जाते.

एका सेकंदात साधारण बारा पाने सुटतात, म्हणून एवढ्या श्रमाचा खेळ तीनच सेकंदांत संपतो. वही लगेच शिवू नये. पाने चिमट्यात धरून उजव्या अंगठ्याने मागून पुढे सोडावीत. एखाद्या ठिकाणी भिंत अडखळते. दोष बहुधा एकाच पानाचा असतो. तेवढे पान शोधून पुन्हा रेखाटावे आणि मग सुईदोरा हाती घ्यावा.